दक्षिणमुखी

इथे अमेरिकेत, कोलोरॅडोच्या डोंगरात, आज पहाटे पावणेसहाला उठून ड्राइव्हवेवरचा, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंतच्या वाटेवरचा, बर्फ काढला. सव्वा तास लागला. फावडं भिंतीला टेकवून आत आले, चहाचं आधण ठेवलं आणि ते उकळायच्या आत खालून ओळखीची घरघर ऐकू आली. खिडकीतून बघते तर काउंटीचा, म्हणजे इथल्या जिल्ह्याचा, स्नोप्लाऊ: रस्त्यावरचा बर्फ लोटणारा ट्रक, दिवे फिरवत, पातं तिरकं धरून, आमच्या दारावरून चाललेला. जाता जाता रस्त्यावरचा सगळा बर्फ त्याने आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी लोटला. गुडघ्याच्या वर, मांडीला लागेल एवढी भिंत. चहा गाळला, प्यायले आणि पुन्हा बूट चढवले.

प्लाऊ म्हणजे नांगर. हा नांगर सगळं काही उजवीकडे टाकतो, आणि उजवीकडे आम्ही राहतो.

तुम्हाला फोटोत दिसतो तो कापसासारखा बर्फ वेगळा. आभाळातून पडतो तेव्हा तो तसाच असतो, फुंकर मारली तर उडेल असा. प्लाऊने लोटलेल्या बर्फाची जातच निराळी. त्यात वाळू, मीठ, रस्त्यावरचा राडा, टायरांखाली दबलेले गठ्ठे. पहिल्या अर्ध्या तासात काढला तर काढला. दुपारी जरा पाघळून संध्याकाळी पुन्हा गोठला की त्याच्यापेक्षा जांभ्याचा चिरा बरा. चिऱ्याला निदान कोपरे असतात, हाताला पकड मिळते.

पहिल्या वर्षी मी काउंटीच्या ऑफिसात फोन केला होता. आपल्या गोव्याकडची सवय, पंचाच्या कानावर घालून ठेवलं की कधीतरी काम होतं. पलीकडची बाई इतकी गोड बोलली की रागावता येईना. रस्ता मोकळा ठेवणं आमचं काम, मॅडम, ड्राइव्हवेचं तोंड तुमचं. बरं, मग हा बर्फ मी परत रस्त्यावर ढकलू का? नाही, त्याला दंड आहे. म्हणजे त्यांनी माझ्या दारात टाकला तर सेवा आणि मी त्यांच्या रस्त्यावर टाकला तर गुन्हा.

आईला हे सांगितलं तर ती हसत सुटली. म्हणाली, "अगो, मग आपल्या गटारासारखंच की." खरंच. मे महिन्यात गटार उपसतात, गाळ गटाराच्या काठावरच ठेवतात आणि पहिल्या पावसात तो गाळ जिथला तिथे जातो. काढायचं आणि शेजारी ठेवायचं. एवढे समुद्र ओलांडून मी त्याच शास्त्रापाशी येऊन पोचले.

पण रस्ता लख्ख होतो, ते नाकारून चालणार नाही. वादळाच्या आदल्या दिवशीच मोठ्या रस्त्यांवर मॅग्नेशियम क्लोराइडचं पाणी फवारतात. डांबरावर लांबच लांब ओल्या रेघा दिसल्या की आम्ही समजतो, उद्या काही खरं नाही. त्यामुळे बर्फ रस्त्याला घट्ट धरून बसत नाही, पातं फिरवलं की निघून येतो. आधी हमरस्ता, मग शाळेच्या बसचे रस्ते आणि शेवटी आमच्यासारख्या डोंगरातल्या गल्ल्या. डेन्व्हरपासून पश्चिमेकडे चढत आलं की आमची वस्ती लागते, साधारण दोन हजार मीटर उंचीवर. इथून पुढे डोंगरात जाणारा जो आय-सेव्हन्टी महामार्ग, त्याच्यावर मॉरिसन ते डॉटसेरो या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे टायरांचा कायदा असतो. नऊ महिने! टायरची नक्षी निदान तीन सोळांश इंच खोल हवी, शिवाय गाडी चारही चाकांना ओढ देणारी किंवा टायर बर्फात चालणारे, नाहीतर डिकीत टायरांना लावायच्या साखळ्या. तसं न करता घसरलात आणि रस्ता अडवलात तर दंड साडेसहाशे डॉलरच्या वर. गोव्यात उतरणाऱ्या अनमोड घाटात एक ट्रक आडवा झाला की मोलेपर्यंत रांग लागते, तेव्हा मला या कायद्याची फार आठवण येते. आणि इथे पोलिसाने माझ्या टायरात वाकून बघितलं की अनमोडची.

आता मूळ दुखण्याकडे येते. आमचं घर उत्तरेकडे तोंड करून आहे.

२०२०च्या ऑगस्टमध्ये आम्ही घर शोधत होतो. विमानं बंद, सासरे फोंड्यात, सगळं बघणं व्हिडिओ कॉलवर. पहिलं घर त्यांना दाखवलं तेव्हा त्यांनी स्वयंपाकघर बघितलं नाही, खोल्या मोजल्या नाहीत. "दारात उभी राहा आणि मोबाईलवर होकायंत्र लाव" म्हणाले. दक्षिण निघाली. पुढे चर्चा नाही. दक्षिण ही यमाची दिशा, एवढी वर्षं मुलांना भूगोल शिकवलाय, मला दिशा सांगू नका. दक्षिणमुखी मारुती चालतो, दक्षिणमुखी घर चालत नाही. पूर्वेकडे तोंड असलेलं आमच्या ऐपतीत मिळेना. शेवटी हे उत्तरमुखी. कुबेराची दिशा, उत्तम. किंमतही आसपासच्या घरांपेक्षा कमी, तेव्हा कुबेराने कामाला सुरुवात केली असंच आम्हाला वाटलं.

दलाल बाई प्रामाणिक होती. ड्राइव्हवेवर उभं राहून म्हणाली होती, "हा भाग जरा सावलीत असतो हं." ऑगस्टच्या उन्हात आम्ही दोघंही म्हणालो, वा, छान!

डिसेंबरात कळलं. इथे २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २७ अंश वर येतो. गोव्यात त्याच दिवशी तो ५१ अंशांवर असतो, म्हणून आपल्याकडे घराच्या उत्तरेच्या अंगणातही हिवाळ्यात थोडंफार ऊन उतरतं. इथे घराची आणि मागच्या झाडांची सावली उत्तरेला जी लांबते ती पार रस्त्यापर्यंत. समोरच्या बाजूची घरं दक्षिणेकडे तोंड करून आहेत. वादळ थांबलं, ऊन पडलं की दोन दिवसांत त्यांचं डांबर काळंभोर, कोरडं. आमच्याकडे तोच बर्फ वितळायचा विचार करतो, अर्धवट वितळतो, रात्री पुन्हा गोठतो. वर बर्फाची काच धरते. नोव्हेंबरातला एक थर एप्रिलपर्यंत मुक्कामाला असतो. आमच्या या लहानशा दरीच्या दोन उतारांवर झाडंसुद्धा वेगळी. समोर विरळ पाँडेरोसा पाइन आणि वाळलेलं गवत, आमच्या बाजूला डग्लस फरची दाटी. झाडांना कळलेलं, आम्हाला नाही. इथली माणसं घर घेताना पहिला प्रश्न विचारतात तो ड्राइव्हवे दक्षिणेला आहे का हा.

सासऱ्यांना दोष देत नाही. (नवरा वाचेल म्हणून नव्हे.) नियम जिथे झाला तिथे दक्षिणेचं ऊन टाळण्यातच शहाणपण असणार. आम्ही तो बॅगेत घालून चोवीस अंश उत्तरेला आणला, ही आमची अक्कल.

पहिल्या मोठ्या वादळात, २०२१च्या मार्चमध्ये, डेन्व्हर विमानतळावर २७ इंच बर्फ मोजला गेला. डोंगरात त्याहून जास्त. मार्च हाच इथला सर्वात बर्फाचा महिना. तिकडे शिगमो तोंडावर, फोनवर ढोल-ताशांच्या सरावाचे व्हिडिओ येताहेत आणि इथे आमची गाडी कुठे उभी आहे ते फक्त आरशाच्या टोकावरून कळतंय. हे वादळ मला फार ओळखीचं वाटलं. पूर्वेकडून ओली हवा येते, डोंगराला आपटते, वर चढते, थंड होते आणि सगळं ओझं आमच्या उतारावर टाकते. आपल्याकडे अरबी समुद्राचे ढग पश्चिमेकडून येऊन सह्याद्रीला थडकतात, म्हणून पणजीपेक्षा डोंगरापाशच्या वाळपईला पाऊस जास्त. मी सत्तरी तालुक्यातल्या केरीची. डोंगराच्या पायथ्याशी राहून आभाळाचं ओझं झेलणं मला नवीन नाही, फक्त इथे ते वाहून जात नाही, उचलून टाकावं लागतं.

त्या दिवशी नवरा कामासाठी टेक्ससमध्ये अडकलेला. मी आणि सहा वर्षांची लेक. दुपारपर्यंत मी ड्राइव्हवेचा जेमतेम चौथा भाग काढला असेन. तेवढ्यात समोरचे आजोबा त्यांचा जुना ट्रॅक्टर घेऊन आले. ओळख म्हणाल तर हात हलवण्यापुरती. काही न बोलता वरपासून खालपर्यंत सगळं लोटून दिलं, मग उतरले आणि मला रस्त्याकडे तोंड करून उभं केलं. म्हणाले, प्लाऊ तुझ्या डावीकडून येतो ना, मग ड्राइव्हवेच्या डावीकडे, रस्त्याच्या कडेला एक खिसा आधीच मोकळा करून ठेव. पात्यावरचं ओझं त्या खिशात पडेल, तुझ्या दारात थोडंच उरेल. आणि स्वतःचा बर्फ टाकायचा तो उजवीकडे, डावीकडे कधीच नाही. पैसे विचारायची माझी हिंमत झाली नाही. संध्याकाळी रव्याचे लाडू नेऊन दिले, तर दुसऱ्या दिवशी डबा धुऊन, कोरडा करून परत. रिकामा. डबा रिकामा परत करू नये हे त्यांना कोण सांगणार. मला मात्र आठवडाभर लागून राहिलं होतं.

(आज पहाटे मी तो खिसा केला नव्हता. सव्वा तासानंतर कंबरेने नकार दिला.)

गावचे मित्र म्हणतात, तुमची काय मजा, आमचा हॉटमिक्स रस्ता दोन पावसांत धुऊन जातो. मी हो म्हणते, आणि मनात हिशेब मांडते. आपण गोंयकार पाऊस इंचांत मोजतो, जुलै संपताना "शंभरी झाली काय?" हा प्रश्न तिठ्यावर चहा पिताना निघतोच. इथेही इंचच. पण ढोबळमानाने दहा इंच बर्फ म्हणजे एक इंच पाणी. डेन्व्हर शहरात वर्षाला सरासरी पन्नास-पंचावन्न इंच बर्फ पडतो, म्हणजे पाच-साडेपाच इंच पाणी. एवढं आपल्याकडे जुलैच्या एका जोरदार दिवसात होतं! आपले शंभर इंच इथल्या भाषेत हजार इंच बर्फ. तेवढा पडला तर यांचा प्लाऊ, यांचं क्लोराइड, यांची गोड बोलणारी बाई, सगळं घराच्या छपरासकट गाडलं जाईल. हा हिशेब मी ऑफिसात एकाला ऐकवला. तो म्हणाला, पण पाणी उतरून निघून जातं ना? मी विषय बदलला.

एक गोष्ट मात्र इथल्या कोणी मला शिकवली नाही. दुसऱ्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवरच्या त्याच काचेवरून गाडी खाली नेताना मी ब्रेक दाबला आणि गाडी आडवी होऊन, एखाद्या ताटासारखी, सावकाश रस्त्यापर्यंत सरकत गेली. काही झालं नाही. समोरून कोणी येत नव्हतं. पण बाबांचा आवाज कानात आला. चोर्ला घाटात शिकवताना ते म्हणायचे, ज्या गिअरवर चढलीस त्याच गिअरवर उतर, ब्रेकवर भरवसा ठेवू नकोस. त्यांनी आयुष्यात बर्फ फ्रीजमध्येच पाहिला. आता वरूनच गाडी खालच्या गिअरला टाकते आणि ब्रेकवर पाय न ठेवता उतरते. धुक्यात, भरल्या बसला घेऊन चोर्ला उतरणारे आपले ड्रायव्हर इथे आणले तर दोन दिवसांत यांना शिकवतील, असं मला वाटतं. टायर मात्र इथले द्या त्यांना.

डिसेंबरात गावी का येत नाही, असं सगळे विचारतात. काजूला मोहोर, जत्रा, सकाळची गुलाबी थंडी. घर गरम न ठेवता महिनाभर बंद ठेवलं तर नळाचे पाइप गोठून फुटतात, हे कारण खरं आहे. तिकिटं महाग हेही खरं. म्हणून आम्ही जुलैत येतो आणि लेकीला वाटतं गोव्यात बारा महिने पाऊसच पडतो. आई आता शेजाऱ्यांना माझ्यापेक्षा ठामपणे सांगते, "पाइप फुटतात तिकडे, यायचं कसं?"

हे सगळं आज का लिहायला बसले, तर दुसऱ्यांदा भिंत फोडायला खाली गेले तेव्हा समोर पाटी दिसली. आजोबा घर विकताहेत. ऍरिझोनाला मुलीकडे चाललेत. गुडघे गेले, म्हणाले, ट्रॅक्टरवर चढवत नाही. त्यांच्या ड्राइव्हवेवर परवाच्या बर्फाचा ठिपकाही नव्हता. नुसतं कोरडं डांबर, ऊन खात पडलेलं.

नवऱ्याला फोटो पाठवला. त्याचा लगेच मेसेज आला, किती मागताहेत विचार. विचारलं. आकडा मोठा आहे, पण अगदीच अशक्य नाही. आमचं घर ऑगस्टमध्ये विकायला काढलं तर सावली छान वाटेल कुणालातरी.

रात्री फोंड्याहून फोन आला. बर्फ किती पडला, मुलीची शाळा बंद का, सगळं विचारून झालं. पाटीबद्दल आम्ही दोघंही काही बोललो नाही.