यंदाचं वाण घरीच

ठाणे, रविवार रात्र

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचं काही द्यायचं नाही, हे दिवाळीतच ठरवलं होतं. माळ्यावर वाणात आलेल्या गाळण्या, डब्या, साबणदाण्या साठल्या आहेत. प्रेमाने दिलेल्या, पण घरात आधीच असलेल्या. वाण लुटायचं ते वापरात यावं, झिजावं आणि संपावं, असं मला मनापासून वाटतं.

आज मुलं, आई (माझ्या सासूबाई) आणि मी दिवसभर गच्चीवर होतो. ड्रममधल्या घोसाळ्याच्या वेलावर काही फळं मुद्दाम राखली होती. भाजीला घोसाळं कोवळं काढतात. घासणीसाठी मात्र ते वेलावरच जून होऊन वाळावं लागतं, तेव्हा आतल्या शिरांची जाळी भक्कम होते. हातात घेतलं तर वजनच नाही आणि हलवलं की बिया खुळखुळतात. मुलांनी आधी बराच वेळ तेच वाजवलं, मीही वाजवू दिलं. मग टोकं कापली, बिया झटकल्या, फळं बादलीत टाकली. भिजून साल सुटायला लागल्यावर धाकटा कुणाला हात लावू देईना. जाळ्या दोन-तीन पाण्यांतून काढून उन्हात घातल्या. लांब तुकडे अंघोळीला, आखूड भांड्यांना. काळ्या बियांच्या पुड्या केल्या आणि लेकीने प्रत्येकीवर लिहिलं, ‘जूनमध्ये पेरा’.

रिठे, वाळा, वेखंड जांभळी नाक्यावरच्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणले होते. त्यातले थोडे रिठे रात्री कोमट पाण्यात भिजवले होते. सकाळी आईंनी ते चुरले आणि टोप फेसाने भरला.

“आजी, यात साबण कधी घातलास?”

“मी कशाला घालू? त्याच्या सालीतच असतो.”

मी लेकीला सॅपोनिनबद्दल, म्हणजे सालीतल्या फेस आणणाऱ्या द्रव्याबद्दल सांगत होते, पण तिचं लक्ष आजीकडे. आईंनी त्याच पाण्यात जोडवी घासली आणि ती लख्ख निघाली. भिजवलेलं पाणी फार दिवस टिकत नाही, म्हणून वाणात बिया काढलेले कोरडे रिठेच देणार. सोबत चिठ्ठी: रेशमी साडीला, दागिन्यांना वापरा, डोळ्यांत जाऊ देऊ नका, झोंबतं.

दुपारी पुरचुंड्या. आईंच्या विरलेल्या सुती साडीचे चौकोन, त्यात वेखंडाचा तुकडा, वाळ्याची जुडी, चार लवंगा. साड्यांच्या घडीत ठेवायला. गाठी मुलांनीच मारल्या, काही सैल, काही इतक्या घट्ट की सुटायच्या नाहीत. एकही मी पुन्हा बांधली नाही. मुलांचा हात त्यात दिसलाच पाहिजे. तो पुसून टाकायचा तर विकतचं काय वाईट होतं?

संध्याकाळी लेक यादी करायला बसली. तिने तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं नाव लिहिलं. काका गेल्यापासून काकूंना हळदीकुंकवाचं बोलावणं जात नाही. इमारतीत कुणाकडूनच नाही, आमच्याकडूनही नाही. मी आईंकडे पाहिलं. त्या पुरचुंडी हुंगत होत्या.

“लिहिलंयस ते बरं केलंस,” त्या लेकीला म्हणाल्या. “बोलवायला मी जाते उद्या.”

जाळ्या अजून आतून दमट आहेत. उद्याचं ऊन मिळालं की बांधायला घेऊ.