विमा सर्व्हेअर होताना: चिपळूणच्या गाळापासून परवान्यापर्यंत

२०२१ च्या जुलैअखेरीस मी चिपळूणच्या बाजारपेठेतल्या एका कापड दुकानात उभी होते. २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं होतं. ते ओसरलं होतं, गाळ मात्र तसाच होता. भिंतीवरची चिखलाची रेघ माझ्या डोक्याच्या हातभर वर होती. दुकानाच्या काकांनी विचारलं, "ताई, तुम्ही कंपनीच्या का?" ज्यांच्या हाताखाली मी विमा सर्व्हेअरचं काम शिकत होते, ते सर माझ्याआधी बोलले, "काका, कंपनीने पाठवलंय, पण आम्ही कंपनीचे नोकर नाही."

मी सिव्हिल इंजिनीअर. कराडला बांधकामाच्या साइटवर पाच वर्षं काम केलं होतं. २०१९ च्या पुरात सांगलीत मामाचं दुकान बुडालं. विम्याचे पैसे मिळाले, पण त्याच्या अपेक्षेच्या निम्मे, आणि निम्मे का, हे त्याला कुणीच नीट सांगितलं नाही. त्याने ते पत्र माझ्यापुढे धरलं तेव्हा मलाही काही कळलं नाही. तेव्हापासून हे काम शिकायचंच, असं मनात घेतलं.

अमेरिकेत विमाधारकाच्या बाजूने दावा मांडणारे, परवाना असलेले पब्लिक अ‍ॅडजस्टर असतात. आपल्याकडे विमा कायद्याच्या ६४ यूएम कलमाखाली सर्व्हेअर आणि लॉस असेसर असतो. फी कंपनी देते, पण त्याने नुकसान तटस्थपणे मोजायचं असतं. परवाना इरडाई, म्हणजे विमा क्षेत्राची नियामक संस्था देते. त्यासाठी माझ्यासारखी इंजिनीअरिंगची पदवी किंवा ठरलेली इतर पात्रता लागते. शिवाय सर्व्हेअरांच्या संस्थेचं विद्यार्थी सदस्यत्व, परवानाधारक सर्व्हेअरच्या हाताखाली १२ महिन्यांचं प्रशिक्षण आणि इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची परीक्षा. कागदपत्रांना वेळ लागतो, पण ती होतात. खरी अडचण शिकवायला तयार असलेला सर्व्हेअर मिळण्याची. मी नऊ जणांना फोन केले. दहावे सर म्हणाले, "साइटवरची सवय आहे ना? मग ये." प्रशिक्षणाच्या वर्षात स्वतंत्र सर्व्हे करता येत नाही, अहवालावर सही करता येत नाही, आणि पैसे प्रवासखर्चापुरतेच मिळतात. घरी हे आधी सांगून ठेवलेलं बरं.

त्या दुकानात सरांनी माझ्याकडून तीन ढीग करवून घेतले: पूर्ण गेलेला माल, धुऊन कमी भावात जाईल तो, आणि वरच्या फळीवरचा कोरडा. साड्यांचा गठ्ठा वरून सुका वाटायचा. सरांनी एक घडी उलगडून दोन बोटांनी दाबली, तर आतून तपकिरी पाणी निघालं. "वरून बघून लिहायचं नाही. प्रत्येक गठ्ठा उघड." दोन दिवस आम्ही घड्या उघडत होतो. काकू बाजूला बसून कुठल्या साडीची खरेदी कितीची, ते तोंडपाठ सांगत होत्या. मी त्यांचे आकडे वेगळ्या रकान्यात लिहून घेतले. पुढे बिलांशी ताडून पाहिले, तर बहुतेक बरोबर निघाले.

बिलं मात्र लगदा झाली होती. मग त्यांच्या अकाउंटंटने जीएसटीच्या पोर्टलवरून टू-ए नावाचं विवरण काढलं. पुरवठादारांनी भरलेली विक्री तिथे दिसते, त्यामुळे खरेदीचा पुरावा पुरातूनही वाचला होता. इचलकरंजीच्या व्यापाऱ्यांनी खातेउतारे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंटही जुळलं.

आणि तिथेच मला मामाच्या पत्राचं उत्तर मिळालं. काकांची पॉलिसी बँकेने कॅश क्रेडिटच्या, म्हणजे मालावर दिलेल्या कर्जाच्या मर्यादेइतकी, १० लाखांची काढली होती. पुराच्या आदल्या दिवशी दुकानात माल होता १६ लाखांचा. भंगारात येणारी किंमत वजा करून नुकसान ८ लाख. विमा १६ पैकी १० चाच, म्हणून भरपाईही त्याच प्रमाणात, ५ लाख. त्यातून ५ टक्के एक्सेस, म्हणजे विमाधारकाने स्वतः सोसायचा भाग, वजा. हातात ४ लाख ७५ हजार. कुणी लबाडी केली नव्हती. काकांनी हप्ता वेळेवर भरला होता, पण पॉलिसीवरचा आकडा मालाच्या किमतीशी कधी ताडून पाहिला नव्हता.

सरांनी काकांना समोर बसवून कागदावर हा गुणाकार-भागाकार करून दाखवला. काका बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हे कुणी आधी सांगितलं असतं तर..." मग सरांनीच विचारलं, "गाळ काढायला किती खर्च आला?" काकांनी तो मागितलाच नव्हता. त्या पॉलिसीत दाव्याच्या १ टक्क्यापर्यंत मलबा हटवण्याचा खर्च होता. मजुरांची पावती घेऊन आम्ही तोही लावला. नुकसान फुगवायचं नाही, पण जे देय आहे ते विमाधारकाने मागितलं नाही म्हणून सोडायचंही नाही, हे मी त्या दुपारी शिकले. या कामातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच.

परीक्षेत मी पहिल्या वेळी अडकले. साइटवर कळलेलं आणि पेपरात लिहायचं, यात फरक पडतो. पॉलिसीचे शब्द, अपवाद, अटी जशाच्या तशा यायला हव्यात. दुसऱ्या वेळी रोज पहाटे दोन तास बसले आणि पास झाले. मला परवाना तीन वर्षांचा मिळाला, पण तो मिळाला की लगेच काम येतं असं मात्र नाही. कंपन्यांच्या कार्यालयांत कागद देऊन ठेवावे लागतात. पहिले चार महिने फोन जवळजवळ वाजलाच नाही.

स्वतःच्या सहीचा माझा पहिला अहवाल पाटण भागातल्या एका किराणा दुकानाच्या आगीचा. शॉर्टसर्किट, नुकसान दोन लाखांच्या आतबाहेर. अहवाल पाठवण्यापूर्वी मी दुकानाच्या पायरीवर बसले आणि मालकीणबाईंना हिशेबाची एकेक ओळ वाचून दाखवली. वजावट कुठे आणि का, ते सांगितलं. अहवालाची प्रत मागता येते, तेही सांगितलं. जळालेल्या मालाचा ढीग दाराशीच पडला होता. तो उचलायला टेम्पो किती घेणार, हे मी त्यांना विचारलं आणि वहीत त्या खर्चाची ओळ घातली.