चार पिल्लं आणि एक वाढदिवस

तीन वर्षं माझ्या वहीत महाशीरच्या पिल्लांच्या रकान्यात शून्यच होतं. मोठे मासे आहेत, पावसाळ्यात माद्यांची पोटं अंड्यांनी भरलेली दिसतात. पण त्या वर्षीचं पिल्लू दिवाळीनंतर कुठेच सापडत नाही. दर खेपेला तेच १२ खळाळ, तीच जाळी, प्रत्येक ठिकाणी मोजून २० मिनिटं. शून्य लिहायचं तरी गुडघाभर गार पाण्यात उतरावंच लागतं, हे ऑफिसातल्यांच्या डोक्यात शिरत नाही.

नोव्हेंबरातल्या त्या सकाळी सातव्या खळाळावर मामांनी जाळी उचलली आणि नुसतं "ताई" म्हणाले. आत चार पिल्लं. मला वाटलं, कोळशी या दुसऱ्या माशाची असणार. ट्रेमधल्या पाण्यात लवंगतेलाचे थेंब टाकून त्यांना गुंगी आणली आणि भिंगाखाली धरलं. मिशांच्या दोन जोड्या. मग अंगावरच्या मधल्या रेषेतले खवले टाचणीच्या टोकाने मोजले: २५. कोळशीचे चाळिशीच्या घरात जातात. माझाच हात इतका हलत होता की दुसऱ्या पिल्लाचे दोनदा मोजावे लागले. सगळ्यात मोठं ४२ मिलिमीटर, सगळ्यात लहान ३१.

ब्रिटिश लष्करी अधिकारी सायक्सने १८३९ मध्ये या माशाची नोंद केली ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून. शास्त्रीय नावातलं 'खुद्री'सुद्धा इकडच्याच बोलीतलं. २०११ च्या जागतिक लाल यादीत तो संकटग्रस्त होता. त्याची त्याच वर्षी जन्मलेली चार पिल्लं माझ्या ट्रेमध्ये!

दुपारी टपरीवर चहा घेताना कळलं, चार दिवसांपूर्वी वरच्या पुलावरून कुणा नेत्याच्या वाढदिवसाला महाशीरच्या ५,००० बोटुकल्या, म्हणजे बोटभर पिल्लं, नदीत सोडल्या. हार, फोटो, बॅनर सगळं झालं. आम्हाला कळवावं असं कुणालाच वाटलं नाही. एकाही बोटुकलीवर खूण नाही. सोडल्या किती ते बॅनरवर येतं. जगल्या किती ते बघायला नदीवर परत कोण येतो? कावेरीत हाच मासा वर्षानुवर्षं सोडला गेला. तिथला मूळचा कुबडवाला महाशीर २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्त ठरला, आणि त्याच्या कारणांत आपला पाहुणाही आहे.

मग माझी चार नदीत जन्मलेली की सोडलेल्यांतली? माशाच्या कानातला खडा काढून त्यावरची दिवसागणिक पडलेली वलयं मोजली तर जन्मतारीख निघते. पण त्यासाठी पिल्लू मारावं लागतं. फोनवर सहकारी म्हणाला, "चारच तर आहेत, मारून टाक." चारच आहेत म्हणूनच तर मारवत नव्हती. डीएनएसाठी शेपटीच्या पराची टोकं कापून अल्कोहोलमध्ये घातली.

मामांची परीक्षा वेगळीच. "पाळलेलं पिल्लू सावलीखाली येतं, खायला मिळंल म्हनून. नदीचं पळतं." गुंगी उतरल्यावर मी बादलीवर हात धरला. तीन पिल्लं झटक्यात तळाच्या दगडाखाली गेली. सगळ्यात लहान, जे मला हमखास नदीचं वाटत होतं, तेच तोंड वर करून आलं.

"त्याची गुंगी उतरली नसंल," मामा म्हणाले. पण माझ्याकडे बघून नाही.

चौघांना सोडून दिलं. पराच्या नळ्या फ्रीझरमध्ये आहेत. पडताळायला बोटुकल्या जिथे तयार झाल्या त्या बीजकेंद्रातल्या नर-माद्यांचे नमुने हवेत. दोन पत्रं गेली, उत्तर नाही. दरम्यान साहेबांनी अहवालात त्या चौघांना 'सोडलेलं बीज जगल्याचा पुरावा' म्हणून घातलंय. तसं मानलं, तरी फार तर चार दिवस जगलं म्हणा.