इत्तोक्कोर्तूर्मीत: शेवटचे ४० किलोमीटर

"विमानतळाजवळच गाव आहे," एजंट म्हणाला होता. पूर्व ग्रीनलंडमधल्या इत्तोक्कोर्तूर्मीतचा विमानतळ नेर्लेरित इनात, गावापासून जेमतेम ४० किलोमीटर. पण मध्ये रस्ताच नाही. जायचं हेलिकॉप्टरनं, तेही हवा परवानगी देईल तेव्हा. धुक्यात तीन दिवस अडकलो आणि खोलीचं भाडं माझ्याच खिशातून गेलं. परतीच्या तिकिटाआधी चार दिवस मोकळे ठेवाच. युरोपचा नुसता शेंगेन व्हिसाही चालत नाही, डेन्मार्कच्या व्हिसावर 'ग्रीनलंडसाठी वैध' असा शेरा लागतो.

१९२५ मध्ये दक्षिणेकडच्या आमासालिक भागातून आणलेल्या कुटुंबांनी वसवलेलं हे गाव, वस्ती साडेतीनशेच्या आसपास. तिथले दोन दिवस मजेत गेले, मग एका स्थानिक शिकाऱ्याबरोबर कुत्र्यांच्या स्लेजवरून निघालो.

स्लेजवर "नुसतं बसायचं असतं" हीसुद्धा थाप. किनाऱ्यालगत भरती-ओहोटीनं फुटलेल्या बर्फाचे कमरेएवढे ढिगारे होते. तिथं उतरून स्लेज ढकलायची, घसरायचं, परत ढकलायची. दोन तासांत माझा घाम आतल्या कपड्यांत गोठला. सह्याद्रीतले ट्रेकिंगचे बूट साफ निरुपयोगी, कारण नंतर स्लेजवर बसलं की पाय हलतच नाहीत आणि गारठतात. बाहेरून बूट-कपडे भाड्यानं घेऊ नका, शिकाऱ्याकडे मागा.

कुत्रे पंख्यासारखे जुंपतात, प्रत्येकाचा दोर वेगळा. पळताना ते जागा बदलत राहतात आणि तासाभरात दोरांची वेणी होते, वर विष्ठा गोठून दगड झालेली. आमचा शिकारी हातमोजे काढून उघड्या बोटांनी ती सोडवत बसला. मी दोन-दोन मोजे घालूनही कुडकुडत होतो.

बर्फावर एक सील ऊन खात पडला होता. कुत्रे मागे ठेवून शिकारी पांढऱ्या कापडाच्या पडद्याआड सरपटत निघाला. सीलनं डोकं वर केलं की हा थांबे. दीड तासानं सील भोकात सटकला. शिकारी उठला, गुडघे झटकले आणि सिगारेट पेटवली. रात्री आम्ही नूडल्स खाल्ल्या, कुत्र्यांना आधीचं सीलचं मांस मिळालं. तेव्हा 'शिकार नक्की बघायला मिळेल' असं कुणी विकत असेल तर उठून निघा. अस्वलाची शिकार तर फक्त पूर्णवेळ परवानाधारक स्थानिक शिकारीच करतात, तीही ठरलेल्या कोट्यात. रक्त बघवत नसेल तर येऊच नका.

मी येत्या एप्रिलला परत जातोय. पैसे या वेळी थेट शिकाऱ्याच्या हातात.