शेवग्यावर मधुबाज

आमच्या घरामागे गल्लीला पाणी देणारी उंच टाकी आहे. तिच्या बुडाखाली दिवाळीनंतर आग्या मोहोळं बसतात आणि पावसाच्या आधी उठून जातात. दरवर्षीचं आहे हे. साताऱ्यात अशा टाक्या, जुन्या इमारतींचे छज्जे, मोठे वड-पिंपळ सगळीकडे मोहोळं लटकलेली दिसतात, आणि गल्लीतल्या लोकांचं त्यांच्याशी असलेलं नातं एवढंच, की कोणी दगड मारू नये. यंदा टाकीखाली तीन होती. मधलं चांगलं दोन हात रुंद.

जानेवारीत एका सकाळी मी मागच्या वाफ्यात मिरच्या तोडत होते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी धावत आल्या आणि माझा हातच धरला, "काकू, आत चला बिगीबिगी, माश्या उठल्यात!" टाकीकडून येणारा घों-घों आवाज तोवर माझ्याही कानावर आला होता. आम्ही दोघी आत शिरलो, दारं-खिडक्या लावल्या आणि स्वयंपाकघराच्या काचेतून बघू लागलो.

एक मोठा तपकिरी पक्षी सरळ मधल्या मोहोळावर गेला, पाय पुढे करून त्याला धडकला आणि तसाच पुढे निघून गेला. माश्यांचा लोट त्याच्या मागे. तो वर चढला, किल्ल्याच्या बाजूला लांब घिरटी घेतली, माश्या परत फिरल्या की पुन्हा आला. असं दोन-चारदा झालं. शेवटच्या खेपेला तो मोहोळाला क्षणभर लोंबकळला, खालचा कोपरा तोडला आणि पायात धरून थेट आमच्या परसातल्या शेवग्यावर येऊन बसला. खिडकीपासून फार तर पंधरा फुटांवर.

मधुबाज! माझे वडील त्याला मोहोळघार म्हणायचे. लहानपणी मी तो दरीवर घिरट्या घालताना पाहिला होता, पण तो कायम उंच, उन्हात काळा दिसणारा. पोळं पायाखाली घेऊन खाताना, तेही भर वस्तीत, पाहीन असं मला कधी वाटलं नव्हतं.

आता जे पाहिलं ते नीट सांगते, कारण एवढ्या जवळून बघायला मिळणं हे भाग्यच. त्याच्या चेहऱ्यावर, चोचीच्या मुळापासून डोळ्यांपर्यंत, इतर शिकारी पक्ष्यांसारखी मऊ पिसं नसतात. तिथे बारीक, आखूड, कडक पिसं माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक दाट बसलेली असतात. माशीची नांगी त्यातून सहजी आत जात नाही. नाकपुड्या नुसत्या फटी. पायांवर जाड खवले, आणि नख्या घारीच्या किंवा ससाण्याच्या मानाने कमी वळलेल्या, कारण पळत्या जिवाला पकडण्यापेक्षा पोळं उकरणं हेच त्या पायांचं मुख्य काम. डोळा पिवळाधमक होता. नराचा डोळा गडद असतो, म्हणजे ही मादी.

तिने पोळ्याचा तुकडा फांदीवर दाबून धरला आणि एकेका घरातून अळी काढून खाऊ लागली. घाई नाही, ओरबाडणं नाही. चोचीचं टोक घरात घालायचं, पांढरी गुबगुबीत अळी ओढायची, गिळायची, मग पुढचं घर. माश्यांची बंद केलेली घरं आधी फोडायची, आतली कोषातली पिल्लं काढायची. दहा-बारा माश्या तिच्या डोक्याभोवती फिरत होत्या, एक-दोन तर चेहऱ्यावरच बसल्या. ती डोळे मिटायची, मान झटकायची आणि परत खायला लागायची. मेणाचे चुरे खाली माझ्या मिरच्यांवर पडत होते. मधाचं तिला फारसं काही नव्हतं. आग्या मोहोळात मध वरच्या बाजूला, फांदीला किंवा छताला चिकटलेल्या भागात असतो आणि अंडी-अळ्या खाली. तिने तोडला होता तो खालचाच भाग.

मावशी म्हणाल्या, "एवढं डसत्यात तरी हलत न्हाई बघा!"

दुपारपर्यंत गल्लीभर बातमी झाली. कोणी म्हणालं गरुड, कोणी म्हणालं घार, आणि समोरच्या वहिनींनी मांजरीची पिल्लं घरात कोंडून ठेवली. मी घरोघर जाऊन सांगितलं की हा पक्षी मांजराच्या पिल्लांकडे बघणारसुद्धा नाही. त्याचं मुख्य खाणं म्हणजे मधमाश्यांच्या आणि गांधीलमाश्यांच्या अळ्या, कोष, पोळ्याचं मेण. कधी एखादा सरडा-बेडूक. घारीपासून ओळखायचं तर उडताना शेपटी बघा. घारीच्या शेपटीला मध्ये खाच असते, याची गोलसर, त्यावर गडद पट्टे. मान लांब, पुढे काढलेली, डोकं अंगाच्या मानाने लहान. रंगावर मात्र जाऊ नये. एक मधुबाज पोटाला जवळजवळ पांढरा, दुसरा तांबूस, तिसरा काळपट, असं काहीही असू शकतं.

माझा मुलगा पुण्याला असतो, त्याला पक्ष्यांचा नाद आहे. फोटो पाठवले तर रात्री तासभर फोनवर बोलत होता. आपल्याकडे काही मधुबाज बाराही महिने राहतात, घरटी करतात, आणि हिवाळ्यात उत्तरेकडून आणखी येतात. जपानमधल्या मधुबाजांच्या पाठीवर उपग्रहाला खुणा पाठवणारी यंत्रं बसवून बघितलंय, ते समुद्र ओलांडून चीन, मलेशिया करत इंडोनेशियापर्यंत जातात, एका खेपेला साधारण १०,००० किलोमीटर. आमची शेवग्यावरची बाई इथलीच की लांबून आलेली, ते फोटोवरून त्यालाही सांगता आलं नाही.

पण मला खरं लिहायचंय ते फवारणीबद्दल. माश्या उठल्या त्या दिवशी शाळेतून येणाऱ्या एका मुलाला दोन-तीन ठिकाणी डसल्या. संध्याकाळीच विषय निघाला की टाकीखालची मोहोळं औषध मारून पाडून टाकू. मुलाच्या आईची काळजी मला पूर्ण पटते. आग्या माशी खेळण्यातली नाही, शेकडो माश्यांनी एकदम धरलं तर धडधाकट माणूसही जाऊ शकतो. पण काही वर्षांपूर्वी याच टाकीखाली फवारणी झाली होती. सकाळी खाली मेलेल्या माश्यांचा सडा, आणि रिकामं झालेलं पोळं, आत मेलेल्या अळ्यांसकट, कितीतरी दिवस तसंच लटकत राहिलं. फवारणारा माणूस पैसे घेऊन गेला, पोळं काढायला परत आलाच नाही. मधुबाजाला यापेक्षा वाईट काय असेल? राखायला एकही माशी नाही, आणि प्रत्येक घरात विष.

माझं माहेर महाबळेश्वरच्या खालच्या खोऱ्यातलं. वडिलांकडे सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या मधमाशीच्या, पेट्या होत्या. जांभळाचा मध, हिरड्याचा मध, आणि सात-आठ वर्षांनी कारवी फुलली की कारवीचा. त्याच भागातलं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं 'मधाचं गाव' झालं, तेव्हा वडील असते तर पेढे वाटले असते. आग्याच्या वाटेला ते कधी गेले नाहीत, पण आग्या मारावं असंही कधी म्हणाले नाहीत. "रानातली फुलं कोण फळवणार मग?" एवढंच म्हणायचे. मोहोळघार घिरट्या घालू लागली की आम्हा मुलांना घरात बोलवायचे, कारण घार मोहोळाला लागली की चिडलेल्या माश्या समोर येईल त्याला धरतात.

हेच मी गल्लीच्या बैठकीत सांगितलं. तावातावाने सांगितलं, लपवत नाही. मधुबाजाला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे हेही सांगितलं, पण लोकांना पटलं ते वेगळंच. शेजारचे आबा ऐंशीच्या घरातले, जन्म याच गल्लीतला. ते म्हणाले, "आधी औषध मारलं तरी पुढच्या दिवाळीला माश्या परत आल्याच की. मग पैसे कशाला घालवायचे?"

शेवटी ठरलं ते असं. पाऊस सुरू होईपर्यंत शाळेच्या मुलांनी टाकीखालून न जाता देवळाच्या बाजूने जायचं. टाकीजवळ शेकोटी नाही, फटाके नाहीत, कचरा जाळायचा नाही. माश्या उठल्याचा आवाज आला की ज्याला आधी कळेल त्याने गल्लीत ओरडून सांगायचं, आणि सगळ्यांनी दारं लावायची. पळता आलं नाही तर तोंड-डोकं झाकायचं, हात हलवून माश्या हाकलायच्या नाहीत. फलक मी लिहिला, मुलाच्या आईने टाकीच्या खांबाला बांधला.

मधुबाज नंतरही बऱ्याचदा आली. कडेचं छोटं मोहोळ तर तिने जवळजवळ संपवलं, आणि उरलेल्या माश्या एके दिवशी उठून गेल्या. मोठी दोन अजून आहेत. जूनमध्ये ती रिकामी झाली की उरलेलं मेण खरवडून काढायचं. शिडी आबांकडे आहे, वर चढणारा माणूस मी शोधतेय. कोणाच्या ओळखीत असेल तर जरूर कळवा.