शनिवारचं वाचन

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. गॅदरिंग, सहली, मैदानावरची कवायत यांबद्दल बाकीचे लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मला लिहायचं आहे ते शनिवारच्या वाचनाबद्दल. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आठवी ते दहावीची आम्ही काही मुलंमुली घरी न जाता ग्रंथालयाच्या खोलीत जमायचो. इंग्रजीचे सर सायक्लोस्टाइल केलेली पानं वाटायचे. शाई ओली असायची, बोटं निळी व्हायची. एका बाजूला मूळ इंग्रजी उतारा, दुसऱ्या बाजूला सरांनी स्वतः केलेलं मराठी. सरांचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांना ते कधीच रुचलं नसतं. त्या वर्षांतल्या कुणालाही ते सांगायची गरज नाही.

मी नाना पेठेतली. घरी संध्याकाळी शास्त्रवाचन, म्हणजे बायबलचं वाचन, रविवारी संडे स्कूल आणि मग उपासना. सरही ख्रिस्ती, राहायला गुरुवार पेठेत, पवित्र नाम देवालयाच्या मनोऱ्याच्या सावलीत. पंच हौद मिशनमध्ये मिशनऱ्यांकडे घेतलेल्या ज्या चहावरून १८९० नंतर पुण्यात एवढं वादळ उठलं आणि लोकमान्य टिळक-रानड्यांपर्यंत प्रायश्चित्ताची गोष्ट गेली, ते आवार त्यांच्या खिडकीतून दिसायचं. पण वर्गात बसणारे सगळे ख्रिस्ती नव्हते. निम्म्याहून अधिक मुलं हिंदू होती, दोन-तीन मुसलमान होती, आणि कुणाच्याही आईवडिलांनी कधी हरकत घेतली नाही. याचं कारण सरांच्या पद्धतीत होतं. पुस्तक पूर्ण होईपर्यंत बायबल उघडायचं नाही, हा त्यांचा दंडक. “आधी लेखकाचं ऐकून घ्या. तो काय म्हणतोय ते न ऐकताच त्याला आपलं वचन ऐकवायला निघालात तर तुम्ही वाचलंच नाही,” असं ते म्हणायचे. प्रत्येक गोष्टीतल्या प्रत्येक सज्जन माणसाला ख्रिस्ताचं रूप ठरवायचा उत्साह आम्हा संडे स्कूलवाल्यांना फार. सर तो तिथल्या तिथे थांबवायचे.

नववीत शेक्सपिअरचं ‘हॅम्लेट’ घेतलं. आपल्या पुण्याला हे नाटक नवं नाही. त्याचं आगरकरांनी केलेलं मराठी रूप ‘विकारविलसित’ १८८३ सालचं, आणि सर त्यातली काही वाक्यं मूळ इंग्रजीशेजारी ठेवून दाखवायचे. पण आम्ही सगळ्यात जास्त रेंगाळलो ते तिसऱ्या अंकातल्या तिसऱ्या प्रवेशावर. सख्ख्या भावाचा खून करून गादी आणि राणी दोन्ही बळकावलेला क्लॉडियस एकटाच आहे आणि प्रार्थना करायला धडपडतो आहे. माझ्या हातावर भावाच्या रक्ताचे थर चढले असले तरी त्यांना बर्फासारखं पांढरं धुवायला आकाशात पुरेसा पाऊस नाही का, असं तो विचारतो. मग त्याचं त्यालाच उमगतं की ज्यासाठी खून केला ते सगळं अजून आपल्याच हातात आहे. गुन्ह्याची कमाई जवळ ठेवून गुन्ह्याची क्षमा मिळेल काय? तो गुडघे टेकतो, उठतो, आणि कबूल करतो की शब्द वर गेले, मन खालीच राहिलं.

पुस्तक मिटल्यावर सरांनी बायबलमधल्या यशयाचा पहिला अध्याय काढायला लावला. तुमची पापं लाखेसारखी लाल असली तरी बर्फासारखी पांढरी होतील. शेक्सपिअरच्या कानात हे वचन होतं हे उघड होतं. मग लूकचा एकोणिसावा अध्याय, जक्कयाची गोष्ट. लबाडीनं घेतलेलं चौपट परत करतो, असं हा जकातदार उभं राहून सांगतो आणि त्याच दिवशी त्याच्या घराला तारण मिळतं. जक्कयानं जे केलं नेमकं तेवढंच क्लॉडियसला करायचं नाही. पश्चात्ताप या विषयावर मी पुढं पुष्कळ उपदेश ऐकले. त्या दोन माणसांना शेजारी-शेजारी उभं केल्यावर जे समजलं त्यापुढे बाकी सगळं मला फिकं वाटतं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आमचा एक वर्गमित्र, घरात पिढ्यान्‌पिढ्यांची पंढरीची वारी असलेला, म्हणाला, “सर, तुकोबांनी हेच सांगितलंय.” आणि त्यानं म्हणून दाखवलं: “नाहीं निर्मळ जीवन । काय करील साबण ॥ तैसें चित्त शुद्ध नाहीं । तेथें बोध करील काई ॥” पाणीच गढूळ असेल तर साबण बिचारा काय करणार! सरांनी खडू घेतला आणि तो अभंग फळ्यावर लिहिला, शेक्सपिअरच्या ओळींच्या बरोबर खाली. मग ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांच्याबद्दल सांगितलं. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक म्हणत. रविवारी ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतसंग्रहातली टिळकांची पदं म्हणताना त्यांत मला अभंगाची चाल का लागते, याचा उलगडा त्या दुपारी झाला.

त्या प्रवेशाचा दुसरा भाग त्याहून कठीण. खून झालेल्या राजाचा मुलगा हॅम्लेट मागून येतो, तलवार उपसतो, आणि क्लॉडियस प्रार्थनेत आहे हे पाहून थांबतो. दया आली म्हणून थांबत नाही. आत्ता मारला तर हा स्वर्गात जाईल, पापात बुडालेला असताना मारीन म्हणजे नरकातच जाईल, असा हिशेब करून थांबतो. आम्ही तोवर सगळे हॅम्लेटच्या बाजूचे. सरांनी रोमकरांस पत्रातलं वचन वाचलं, सूड घेणं माझ्याकडे आहे, मी फेड करीन, असं प्रभू म्हणतो. शत्रूचा देह मारून ज्याचं भागत नाही, आत्म्याचा निवाडाही ज्याला आपल्याच हातानं करायचा आहे, त्या माणसाला नायक म्हणायचं का? यावर वर्गात दोन तट पडले आणि पुढच्या शनिवारीही भांडण मिटलं नाही. मिटवायची सरांना घाई नव्हती.

‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ मात्र ख्रिस्ती वाचकाला आरशासमोर उभं करतं. अँटोनियोनं कर्ज फेडलं नाही म्हणून करारानुसार त्याच्या अंगाचं शेरभर मांस मागणारा ज्यू सावकार शायलॉक, आणि त्या खटल्यात पुरुषाच्या वेषात कायदेपंडित बनून आलेली, अँटोनियोच्या मित्राची बायको पोर्शिया. तिचं दयेवरचं भाषण आम्हाला तोंडपाठ होतं. वक्तृत्व स्पर्धेत ते म्हणून बक्षीसही मिळायचं. सरांनी भाषणाच्या पुढचा भाग आमच्याकडून सावकाश वाचून घेतला. शायलॉक हरतो. पोर्शिया अँटोनियोला विचारते, तू याच्यावर काय दया करशील? अँटोनियोचा मित्र ग्रॅशियानो मध्येच ओरडतो की फुकटचा फास द्या, दुसरं काही नको. आणि अँटोनियोची अट काय, तर शायलॉकनं ख्रिस्ती व्हायचं. सर आम्हा ख्रिस्ती मुलांकडे वळले. “दयेचं भाषण करणाऱ्यांच्या या कोर्टात दया कुणी केली, दाखवा मला.” कुणालाच दाखवता येईना. मग मत्तयाच्या शुभवर्तमानातला निर्दय चाकराचा दाखला वाचला. दहा हजार तलांतांचं, म्हणजे प्रचंड मोठं, कर्ज माफ झालेला तो माणूस बाहेर पडतो आणि किरकोळ रकमेसाठी सोबत्याचा गळा धरतो. मी पुढं वकिली पत्करली, शिवाजीनगरच्या न्यायालयात आता बरीच वर्षं उभी राहते. पक्षकाराशी ज्याचं नातं आहे त्यानंच वेष बदलून निवाडा सांगायचा, हे मला वकील म्हणूनही पटत नाही. पण त्याहून जास्त सलते ती अँटोनियोची अट.

आमच्यासारख्या मराठी ख्रिस्ती माणसाला ती का सलते, हेही सरांनी उलगडलं. हिंदू घरातून ख्रिस्ती झालेल्या बाबा पदमनजींनी ‘अरुणोदय’मध्ये स्वतःची वाटचाल लिहिली आहे. ती शोधाची, शंकांची आणि घर तुटण्याची हकिकत आहे. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, आणि त्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई वर्षानुवर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. पंडिता रमाबाईंनी विधवांसाठीचं शारदा सदन पुण्यात आणलं, तिथल्या मुली ख्रिस्ती होतात म्हणून १८९३ साली त्यावरून गहजब झाला, रानडे-भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. तरी बाई डगमगल्या नाहीत. पुढं केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर केलं. या माणसांनी विश्वासाची किंमत स्वतः मोजली. निवाड्याच्या कागदावर दंडासारखा लिहून दिलेला विश्वास हा त्या विश्वासाचा अपमान आहे, असं सर म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज चढला होता. एरवी तो कधी चढत नसे.

मराठीच्या बाईंनी त्याच वर्षी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचायला घेतलं. त्याबद्दल स्वतंत्र लेख लिहावा लागेल, इथं एकच सांगते. बाप्तिस्मा घेण्याच्या आधीच लक्ष्मीबाई एकदा एकट्या बसून विचार करतात की जाती देवानं केल्या की माणसानं. देवानं केल्या असत्या तर माणसामाणसांत काही फरक दिसला नसता का? विचार संपतो तो निश्चयानं: आजपासून कुणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. इतकी मोठी उलथापालथ आणि सांगणं मात्र शेजारणीशी बोलावं तसं. नवऱ्याच्या मागे त्यांचं ख्रिस्तचरित्रावरचं काव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं तेव्हा पुढचे ६४ अध्याय या बाईनं लिहिले, आणि तिला शाळेचं तोंड पाहायला मिळालेलं नव्हतं.

दहावीत अभ्यासामुळे शनिवार कमी झाले, तरी सरांनी दस्तयेव्हस्कीची कादंबरी ‘क्राइम अँड पनिशमेंट’ तोंडी सांगितली, फक्त एक प्रकरण वाचून घेतलं. दोन खून केलेला तरुण रास्कोल्निकोव्ह सोन्या नावाच्या मुलीच्या खोलीवर जातो. तिथे एक जुना, चामडी बांधणीचा नवा करार पडलेला असतो. कुठून आणला, असं तो विचारतो. लिझावेटानं दिला, असं सोन्या सांगते. ही लिझावेटा म्हणजे त्यानं कुऱ्हाडीनं मारलेल्या दोघींपैकी एक, आणि हे सोन्याला अजून ठाऊक नाही. ज्या बाईला मारलं तिच्याच पुस्तकातून तो लाजराची, म्हणजे येशूनं मेलेल्यातून उठवलेल्या माणसाची, गोष्ट वाचायला सांगतो. सोन्याचा आवाज कापतो, आणि लाजर मरून चार दिवस झाले होते या ठिकाणी ती मुद्दाम जोर देते. त्या दिवशी योहानाचा अकरावा अध्याय आमच्यातल्या एका मुसलमान मैत्रिणीनं मराठीतून वाचला, आणि लाजराची बहीण मार्था हिचं वाक्य आलं, “प्रभूजी, आता त्याला दुर्गंधी येत असेल,” तिथे ती थांबली. खोलीत कुणी हललं नाही. संडे स्कूलमध्ये लाजर उठून चालू लागायचा, तो आधी खरोखर मेला होता हे आम्हाला कधी जाणवलंच नव्हतं.

दस्तयेव्हस्कीला स्वतःला सैबेरियाला जाताना तोबोल्स्कमध्ये असाच एक नवा करार भेट मिळाला होता आणि तुरुंगाच्या वर्षांत तो त्याच्याजवळ होता. कादंबरीच्या अखेरीस तेच सोन्याचं पुस्तक रास्कोल्निकोव्हच्या उशाखाली आहे. तो ते हातात घेतो, पण उघडत नाही. आम्हाला वाटलं, लेखकानं त्याला एक तरी वचन वाचायला लावायला हवं होतं. सर म्हणाले, “देवाचं काम लेखकानं उरकून टाकू नये.” कुठल्या श्रद्धावान लेखकावर विश्वास ठेवावा आणि कुठला नुसता प्रचार करतो, हे ओळखायला मला याच्याइतकं उपयोगी माप दुसरं सापडलेलं नाही.

सर गेल्याला आता बराच काळ लोटला. आमच्या चर्चच्या मंडळीतली काही तरुण मुलं आणि सोसायटीतले दोन-तीन शेजारी मिळून माझ्याकडे महिन्यातून एकदा वाचायला बसतात. दंडक तोच, आधी पुस्तक, मग शास्त्र. सध्या दस्तयेव्हस्कीचंच ‘ब्रदर्स करामाझोव्ह’ चाललं आहे. जमिनीत पडून मरणाऱ्या गव्हाच्या दाण्याचं बायबलमधलं वचन लेखकानं अगदी सुरुवातीलाच छापलं असल्यामुळे इथं दंडक पाळता आला नाही, ते आधीच वाचावं लागलं.

मुख्याध्यापिकाबाईंशी माझं बोलणं झालं आहे. ग्रंथालयाची खोली शनिवारी दुपारी रिकामीच असते आणि ती वाचनासाठी द्यायला त्या तयार आहेत. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना मुलांबरोबर बसून वाचायची इच्छा आहे त्यांनी शाळेच्या कार्यालयात नाव द्यावं. धर्माची, विषयाची अट नाही. सुरुवात ‘स्मृतिचित्रे’नं करावी असं मला वाटतं, कारण आठवीच्या मुलालाही पहिल्या पानापासून ते समजतं. प्रती अप्पा बळवंत चौकातून मी आणीन.