टेबलाखालच्या वायरी आणि द्राक्षवेलीची गाठ

गेल्या वर्षी एका महिन्याच्या २० तारखेला, म्हणजे जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी प्रिंटर अडकला. तो बंद करून पुन्हा चालू करावा म्हणून मी टेबलाखाली हात घालून एक पिन उपसली आणि प्रिंटरऐवजी राउटर बंद पडला. विवरणपत्र वेळेत गेले. परंतु त्या दहा मिनिटांत घशाला पडलेली कोरड मला अजून आठवते. इंदिरानगरच्या घरातील एका खोलीतच माझे करसल्ल्याचे काम चालते आणि त्या खोलीतील वायरींकडे मी तोपर्यंत कधी नीट पाहिले नव्हते.

पुढच्या रविवारी सगळ्या वायरी काढून जमिनीवर पसरल्या, तेव्हा लक्षात आले की त्यांपैकी चार वायरींना आता कोणतेही यंत्रच उरलेले नाही. त्या बाजूला काढताच अर्धा गुंता सुटला. मला वाटते, बहुतेक टेबलांवर पहिले काम हेच असते. पट्ट्या आणि क्लिपा विकत आणण्याचे काम त्यानंतरचे.

मग प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना कागदाची चिठ्ठी गुंडाळून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली. चिठ्ठीवर केवळ ‘राउटर’ असे न लिहिता ‘राउटर, १२ व्होल्ट’ असे लिहिले, कारण माझ्याकडील ९ व्होल्टच्या एका जुन्या ॲडाप्टरची गोल पिन राउटरमध्येही सहज बसते आणि चुकीचा ॲडाप्टर लागला तर यंत्र बिघडू शकते. एक्स्टेन्शन बोर्ड पूर्वी फरशीवर पडलेला असे आणि फरशी पुसायला येणाऱ्या मावशींना रोज तो एका हाताने उचलून धरावा लागत असे. ओल्या फडक्याशेजारी २३० व्होल्टचा बोर्ड इतकी वर्षे आम्ही कसा ठेवला, याचे मला आता खरोखर वाईट वाटते. सुताराकडून तो टेबलाच्या फळीला खालून, मागच्या कडेला, दोन स्क्रूंनी पक्का करून घेतला. बोर्ड ६ अँपिअरचा आहे, म्हणजे त्यावर जास्तीत जास्त १३८० वॅटचा भार चालतो. लॅपटॉप, मॉनिटर, राउटर आणि छोटा प्रिंटर मिळून त्याच्या जवळपासही जात नाहीत, परंतु चहाची १५०० वॅटची किटली त्यावर लावायची नाही, हे घरात सर्वांना सांगून ठेवले आहे. एका बोर्डात दुसरा बोर्ड खोचण्याची सवयही तेव्हापासून बंद केली.

बांधणीच्या बाबतीत मात्र माझी आधी चूक झाली. एम. जी. रोडवरून प्लॅस्टिकचे टाय आणले, सगळ्या वायरी एकत्र करून करकचून आवळल्या आणि ती जुडी पाहून समाधानही वाटले. पुढच्याच आठवड्यात निफाडचे मामा घरी आले. त्यांनी वाकून पाहिले आणि म्हणाले, “अगं, इतकं आवळून कोणी बांधतं का?” नव्या द्राक्षबागेत कोवळा वेल बांबूला बांधताना मामा सुतळीचा वेढा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा घेतात; एक फास बांबूभोवती, दुसरा वेलाभोवती आणि वेलाच्या फासात बोट जाईल एवढी जागा. खोड जाड होत जाते आणि आवळलेली सुतळी त्यात रुतते, म्हणून ही जागा ठेवावी लागते. वायर काही जाड होत नाही, हे खरे. परंतु नेटवर्कच्या केबलमध्ये तारांच्या चार जोड्या ठरावीक पीळ देऊन बसवलेल्या असतात, आणि ती दाबली किंवा तीव्र कोनात मोडली तर तो पीळ बिघडून जोडणीचा वेग घसरू शकतो. शिवाय असा टाय कापताना कात्रीचे टोक वायरीच्या आवरणाला लागण्याची भीती असतेच.

सगळे टाय कापून मी वेल्क्रोच्या पट्ट्या लावल्या आणि प्रत्येक पट्टीत मामांच्या हिशेबाने बोटभर जागा ठेवली. विजेच्या वायरी टेबलाच्या डाव्या पायालगत खाली आणल्या, नेटवर्कची केबल उजव्या पायालगत. जिथे त्यांना एकमेकींना ओलांडावेच लागते, तिथे त्या काटकोनात ओलांडतात. मॉनिटर पुढे-मागे सरकवता यावा म्हणून त्याच्या मागे वीतभर वायर सैल सोडली आहे. समोरून पाहणाऱ्याला ती लोंबताना दिसते, आणि ती तशीच राहू देण्याचे मी ठरवले आहे.

गेल्या महिन्यात राउटर बदलावा लागला. चिठ्ठी वाचली, दोन पट्ट्या उघडल्या, जुना ॲडाप्टर काढून नवा लावला. तेवढ्या वेळात प्रिंटरमधून एका अशिलाचे चलन छापून बाहेर येत होते.